अकरावं प्रकरण

दहा प्रकरणं सरळ झाली.
इंद्या गांधीनगरच्या बाजारात
काकाच्या दुकानातून साड्यांचा गठ्ठा घेऊन निघाला,
रुळांकडच्या गोदामात शिरला,
मागच्या दाराने बाहेर पडला,
तेव्हा दार होतं, बाजार नव्हता.

चटयांच्या भिंती, वर कौलं,
रांगेने बराकी, प्रत्येकीपुढे हातभर बाग,
आणि एक गोरी बाई टोमॅटोच्या रोपाला
अनोळखी भाषेत रागावत होती.
सन एकोणीसशे चव्वेचाळीस.
वळिवडे तेच. ऊन तेच.

एवढ्याला मला फार काही लागलं नाही.
राजारामपुरीतल्या जेवणाच्या टेबलाची एक बाजू,
शाळा सुटल्यावरचे दोन तास,
आणि उत्तरपत्रिकांची पाठकोरी पानं.

मग ब्रोन्या आली.
बारा वर्षांची, पोलंडची, गुडघ्यावर खपली.
मराठी शिकली दूधवाल्या सत्तूकडून,
म्हणून तिचं पहिलं अख्खं वाक्य,
"पाणी घालू नगंस."
सैबेरियाबद्दल ती बोलत नाही.
भाकरी मात्र अर्धी मोडून
फ्रॉकच्या खिशात ठेवते.
दोनदा मी ती ओळ खोडली.
दोनदा तिने परत ठेवली.

आणि तिने इंद्याला विचारलं,
"तू फुडनं आलायस न्हवं?
मग सांग की, लढाई कवा संपतीया?"

इथे पेन थांबलं. चार महिने.

कारण इंद्या खरा आहे. आठवी ब, शेवटचा बाक.
हा प्रश्न त्याला सहामाहीत आला होता.
एका वाक्यात उत्तर लिहा. गुण एक.
त्याने लिहिलं, १९४८.
लाल गोल मीच काढला,
शेजारी शून्य, खाली 'अभ्यास वाढव'.

आणि ब्रोन्याचा दुसरा प्रश्न तर
पुस्तकातच नाही.
"माझा बाबा?"
शेवटचं पत्र बगदादहून,
निम्म्या ओळी काळ्या केलेल्या.
धड्यात दोस्त राष्ट्रं आहेत,
कारणं तीन, परिणाम पाच,
बाबा कुठेच नाही.

प्रकाशक म्हणाले, मॅडम, पोरांसाठी आहे,
बाबा आणा. गाडीतून उतरवा.
उतरवून पाहिला.
वळिवडे स्टेशनावर, मिशीसकट.
ब्रोन्या त्याच्याकडे बघून
शेजारच्या डब्यात शोधायला लागली.

गेल्या रविवारी मी स्वतः गेले.
सेलचे फलक, पाचशेत दोन,
आणि गल्ल्यावर तोलाराम म्हणून म्हातारे गृहस्थ.
"आमी सिंधी नंतर आलो, ताई. फाळणीचे.
वडलांना बराक मिळाली,
तर दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा.
कुणाच्या तरी पोराची उंची.
मी झालो, वाढलो, तर वडलांनी मलापण तिथंच मोजलं.
त्या पोराच्या वर गेलो तवा पेढे वाटले."
मी विचारलं, ती माणसं गेली कधी?
"अठ्ठेचाळीसपातूर हुती म्हणत्यात की.
जाणार कुठं? त्यांचं गाव
नकाशात दुसऱ्याच देशात गेल्यालं."

घरी येऊन गठ्ठा उपसला.
प्रश्न चौथा.
सोमवारी इंद्याला विचारलं, का रे लिहिलंस हे?
"आठवत न्हाई, मॅडम. अंदाजपंचे."

गुण वाढवला नाही. नियम तो नियम.
पण अकराव्या प्रकरणात
तो ब्रोन्याला तेच सांगतो, अठ्ठेचाळीस,
मान खाली घालून, वर्गात सांगतो तसंच.
ती बोटं मोडत मोजते,
सत्तूच्या दुधाच्या मापांनी,
एक शेर, दोन शेर, तीन, चार.
मग खिशातून भाकरी काढते,
वास घेते,
आणि तुकडा त्याच्या हातावर ठेवते.

बाबाचं ती परत विचारत नाही.
त्या प्रश्नाखाली मी
उत्तरपत्रिकेत असते तशी
तीन ओळींची जागा सोडली आहे.